भाकरीपुरती ऊब

लातूरच्या आमच्या ऑफिसात कुणाचा लॅपटॉप किती तापतो, हे जळकोटहून एसटीनं येणाऱ्या आमच्या क्लार्कला विचारावं. थंडीत जेवणाच्या सुट्टीआधी तो टेबलाटेबलाशी जाऊन, लेकराचा ताप बघावा तसा उलटा हात लॅपटॉपच्या बाजूला धरायचा.

"बाईंचा निसता कोमट हाय. स्टोअरवाल्याचा तापतो, पण दम न्हाई धरत. सर, तुमचा लई बेस!"

मग फडक्यात बांधलेली भाकरी तो माझ्या लॅपटॉपमधून येणाऱ्या गरम हवेसमोर ठेवायचा आणि जेवायलाही माझ्याच टेबलाशी बसायचा. न विचारता एक चतकोर माझ्या डब्याच्या झाकणात पडायचा, वर शेंगदाण्याची चटणी.

दिवाळीनंतर मला नवा लॅपटॉप मिळाला. त्यानं नेहमीसारखा हात धरला, जरा जास्तच वेळ धरला.

"थंड हाय की," तो म्हणाला. "बरं झालं. जुना लई तरास देत होता तुम्हाला."

फडकं उचलून तो स्टोअरवाल्याकडे गेला. आता जेवतोही तिकडंच.

परवा सुट्टीच्या आधी मी मुद्दाम लॅपटॉपवर जे जे उघडता येईल ते सगळं उघडलं, वरून व्हिडिओ लावला. पंखा घरघरायला लागला, गरम हवा येऊ लागली. मी त्याला हाक मारली.

तो आला. हात धरला आणि घाबरून म्हणाला, "बंद करा, सर. नवा हाय, खराब होईल."