मोहितेकाकूंच्या घरातल्या पाच बायका

“पाच लेबर तर समोरच दिसतायत,” सोसायटीचे सेक्रेटरी दारातच सरांच्या कानाशी पुटपुटले. आतली लाटणी थांबली. म्हणजे ते आतही ऐकू गेलं होतं.

मी दादरच्या एका आर्किटेक्टकडे, म्हणजे सरांकडे, ज्युनिअर आहे. लालबागची एक चाळ पाडून तिथे टॉवर झाला. जुने भाडेकरू आणि नवे फ्लॅटवाले आता एकाच लिफ्टने जातात. जुन्यांपैकी मोहितेकाकू घरून चकली-चिवड्याच्या ऑर्डर्स घेतात. तळणाच्या वासाची तक्रार झाली आणि सोसायटीने आमच्याकडून रिपोर्ट मागवला.

राहत्या घरात घरच्याच माणसांनी छोटा उद्योग केला तर साधारणपणे चालतं. बाहेरची माणसं कामाला ठेवली, की ती धंद्याची जागा ठरू शकते. याला आम्ही ‘चेंज ऑफ यूजर’ म्हणतो. रिपोर्टमध्ये तसं आलं असतं तर सोसायटी महापालिकेत जाणार होती आणि काकूंना ऐन दिवाळीत कढई उतरवावी लागली असती.

सरांनी बायकांना विचारलं, इथे कामाला आहात का.

“नाय, पिकनिकला आलोय,” एक जण म्हणाली. बाकीच्या हसल्या. सर हसले नाहीत.

काकूंनी समजावून सांगितलं. ऑर्डर्सचं त्या आणि त्यांची सून बघतात. आज घरच्या करंज्या होत्या. या सगळ्या मजल्यावरच्या शेजारणी. उद्या पुढच्या घरी बसणार, तिथे काकूही जाणार. चाळीत होतं तेच इथे चालू आहे. सर म्हणाले, सगळे असंच सांगतात.

काकू खरं बोलत होत्या, हे मला दिसत होतं. प्रत्येकीपुढे वेगळा पोळपाट होता. एक संगमरवरी, एक स्टीलचा, एकाचा पाय तुटलेला म्हणून खाली घडी घातलेला कागद. जिने तिने आपला घरून आणलेला. पगारावर येणारी बाई कशाला पोळपाट उचलून आणेल?

काकू माझ्याकडे वळल्या. “तू सांग गं बाळा, तुमच्याकडे करंज्यांना कोण बसतं?”

“आम्ही विकत आणतो,” मी म्हणाले.

मी कॉटन ग्रीनच्या चाळीत राहते. ऑफिसात तेव्हा ‘परळ साइड’ सांगायचे. शाळेतल्या मैत्रिणींनाही तेच सांगितलं होतं.

काकू “बरं” म्हणाल्या आणि निघताना माझ्या हातात एक गरम करंजी ठेवली.

खाली सोसायटीच्या ऑफिसात सर रिपोर्ट सांगू लागले. बाहेरचे पाच कामगार, टाइप कर. माझ्या एका हातात करंजी होती. ती खाववेना आणि सेक्रेटरींसमोर ठेवताही येईना. मी टाइप केलं नाही. सरांनी विचारलं, काय झालं.

माझं उत्तर ऐकून सर पुन्हा वर गेले, मी दाखवलेले पोळपाट पाहिले, पाचही जणींचे फ्लॅट नंबर विचारले. रिपोर्टमध्ये ‘घरगुती उद्योग’ असं गेलं, सोबत चिमणी बसवायची सूचना. काकूंच्या ऑर्डर्स पूर्ण झाल्या. ऑफिसात आता सगळ्यांना माझा पत्ता माहीत आहे. साइट व्हिजिटला कोण राहतं, कोण कामाला येतं, हे मी आता स्वतः विचारते. नियमांत शेजारणीसाठी रकाना नसतो.

त्या दिवशी मी सरांना एवढंच म्हणाले, “सर, मी वर खोटं बोलले. मी चाळीत राहते. काल माझी आई शेजारच्यांच्या करंज्या लाटत होती. तिला कोणी पगार देत नाही.”