सीगलचं बेट

डेस्मंड टलक, म्हणजे आमचे डेस सर, कोरियातल्या मुखो बंदरात मुलींच्या शाळेत चौदा वर्षं इंग्रजी शिकवत होते आणि चौदा वर्षांत त्यांनी समोरच्या समुद्राचं नाव एकदाही घेतलं नाही. आम्ही त्याला पूर्वसमुद्र म्हणतो, पलीकडचे जपानचा समुद्र म्हणतात. सर नुसतं समुद्र म्हणायचे. फळ्यावर नकाशा काढला की तेवढी जागा कोरी सोडायचे. मुली खट्याळ. त्या समुद्रातल्या बेटावर आम्ही आणि जपान दोघंही हक्क सांगतो, म्हणून मुद्दाम विचारायच्या, "सर, डोक्दो बेट कुणाचं?"

"सीगलचं," सर म्हणायचे. "बारा महिने तिथे तेच राहतात. जा, त्यांना विचारून या."

वर्गात हशा पिकायचा आणि पुढचा धडा सुरू व्हायचा.

मी बांग क्यॉंग-ओक. सरांच्या शेजारी उभं राहून त्यांचं बोलणं मुलींना कोरियनमध्ये सांगायचं, हे माझं काम. सर न्यूझीलंडचे. पहिल्याच वर्षी मी त्यांना माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले होते, "आज आपला नवरा आजारी आहे, मी लवकर जाते." आमच्याकडे माझं असं कुणी म्हणतच नाही. आई, शाळा, नवरा, सगळं आपलंच. सर तीन दिवस हसत होते. तेव्हापासून रोज सकाळी शिक्षकांच्या खोलीत चौकशी ठरलेली, "काय क्यॉंग-ओकबाई, आपला नवरा बरा आहे ना?"

"बराय की. तुमच्या वाटणीची भांडी पडलीत म्हणत होता."

एवढीच आमची थट्टा, पण ती चौदा वर्षं टिकली.

बाकी माणूस एकटा. माकूल मासळी सुकवणाऱ्या एका बाईच्या घरावरची खोली, उकडलेले बटाटे, आणि शाळा सुटली की बंदराच्या धक्क्यावर फेरी. तिथून पलीकडे, जपानला जायची बोट सुटते. आमच्याकडे येण्याआधी सर पलीकडच्या एका गावात सहा वर्षं शिकवत होते. तिथेच लग्न केलं, तिथेच मोडलं. मुलगी आयानो तेव्हा चार वर्षांची. ती आईबरोबर आजोबांकडे राहिली. आजोबा खेकड्यांच्या बोटीवरचे, त्या बेटाच्या आसपास आमच्या बोटींशी उभा जन्म भांडलेले. त्या घरात बेटाचं नाव निघालं की म्हातारा ताटावरून उठतो म्हणे. अठरा वर्षांची झाली की आयानो स्वतःच्या मनाने बापाला भेटायला येणार, असं ठरलेलं होतं.

"मी कुणाच्याच बाजूचा नाही, असं तिला सांगून ठेवलंय," सर एकदा म्हणाले होते. "तिच्यासाठी एवढं एकच सांभाळलंय मी."

ते अठरावं वर्ष उजाडलं. आयानोचं ऑगस्टच्या पहिल्या शनिवारचं तिकीट निघालं आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात बेटाचं भांडण पेटलं. दुकानांतून जपानी बिस्किटंसुद्धा गायब झाली. आमच्या मुख्याध्यापकांनी, प्यो सरांनी, शाळेत सभा ठरवली. गावच्या वर्तमानपत्राचा माणूस येणार होता. प्यो सरांनी डेस सरांना आणि दुभाषी म्हणून मला बोलावून घेतलं.

"तुम्ही दोन शब्द बोला. परक्या माणसाने म्हटलं की वजन येतं."

डेस सरांनी पिशवीतून कागद काढला. परदेशी शिक्षकांनी दोन देशांच्या भांडणात तोंड घालू नये, असा शाळेनेच पहिल्या दिवशी हातात दिलेला कागद. चौदा वर्षं जपून ठेवला होता.

"जुना झाला हो हा," प्यो सर म्हणाले. "आणि तुमचा करारही जुना होत आलाय. जुलैअखेर संपतो ना?"

करार संपला की व्हिसा संपणार, आणि आयानोची बोट लागण्याआधी सरांना देश सोडावा लागणार. बोलले तर मुलगी जाणार, नाही बोलले तरी जाणार. मला राग आला होता, पण प्यो सरांसमोर मी मान खालीच घातली.

सभेत चारशे मुली होत्या आणि पहिल्या रांगेत त्यांच्या आया. डेस सर उभे राहिले आणि इंग्रजीत सावकाश म्हणाले, "हे बेट या मुलींना फार प्रिय आहे, हे मला माहीत आहे. मी त्यांचा शिक्षक आहे." एवढंच. कुणालाच दुखवायचं नाही असं बेतलेलं बोलणं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी सांगितलं, "सर म्हणतात, हे बेट आपलं आहे."

टाळ्यांनी सभागृह दणाणलं.

सवयीने गेला तो शब्द, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खोटं आहे ते. सरांची नोकरी वाचवायची होती, हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं, की चौदा वर्षं हा माणूस आमचं अन्न खातोय, एकदा तरी याच्या तोंडून हे ऐकू दे, असं मला वाटलं होतं. त्यांनी म्हटलं नाही, म्हणून मी म्हटलं.

सरांना कोरियन बेताचीच यायची, पण तो एक शब्द आमच्या थट्टेमुळे पक्का ठाऊक होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी नुसतं नाही म्हटलं असतं, तर मी चारशे मुलींपुढे खोटी पडले असते. ते खाली बसले.

दुसऱ्या दिवशी फोटोसकट छापून आलं, 'परदेशी गुरुजी म्हणतात, बेट आपलं'. त्याच आठवड्यात करार दोन वर्षांनी वाढला. आणि आठव्या दिवशी आयानोचा निरोप आला. सरांनी तो मला वाचून दाखवला.

"बाबा, आजोबांनी फोटो पाहिला. त्यांच्याशी मी भांडले असते. पण तुम्ही कुणाच्याच बाजूचे नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. आता काय सांगू? मी येत नाही."

"मी लिहिते तिला," मी म्हणाले. "चूक माझी आहे."

"लिहा," सर म्हणाले. "पण तुम्ही या बाजूच्या. तुमचं ती कशाला खरं मानेल?"

त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मी तीन पानं लिहिली. उत्तर आलं नाही.

त्या शनिवारी सर तरीही धक्क्यावर गेले. मीही गेले आणि लांब उभी राहिले. माणसं उतरली, सामान उतरलं, खलाशांनी शिडी धुऊन काढली. मग सर परत फिरले आणि माझ्या शेजारून निघून गेले. त्यानंतर आपल्या नवऱ्याची चौकशी त्यांनी कधी केली नाही.

सुट्टीनंतर शाळा सुरू झाली. फळ्यावर नकाशा होता. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "सर, डोक्दो कुणाचं?"

मुली सीगलची वाट बघत आधीच हसायला लागल्या. सर वळले, समुद्राच्या कोऱ्या जागेत त्यांनी आमचं नाव, पूर्वसमुद्र, लिहिलं, हाताचा खडू पुसला आणि स्वच्छ कोरियनमध्ये म्हणाले, "आपलं."

सवयीने मी सांगायला तोंड उघडलं, पण सांगायचं काही उरलंच नव्हतं.