गुरुजींच्या बोलपटाला नेलेले हार

धाकट्या बहिणीचा मी फार हेवा केला. असं कुणी कबूल करत नाही. 'आमचा एकमेकींवर फार जीव होता' असंच सगळे सांगतात. जीव होताच. पण ती शाळेला निघाली की माझ्या पोटात दुखायला लागायचं, हेही तितकंच खरं.

आमचा फुलांचा मळा मोर्णेच्या काठी आणि घर अकोल्याच्या जुन्या शहरात. मराठी चौथीत मी पहिली आले आणि त्याच वर्षी माझी शाळा सुटली. कारण माझी बोटं फार चालायची. माझ्यासारखा घट्ट हार घरात कुणाला गुंफता येत नसे. बहिणीने केलेला हार देवाच्या गळ्यात जाईपर्यंत सैल पडायचा, म्हणून ती पाचवीत गेली, मग सहावीत. शहाण्या हाताला काम आणि वेंधळ्या हाताला शाळा, असा आमच्या घरचा न्याय होता.

संध्याकाळी ती वही घेऊन यायची. "ताई, निबंध सांग नं." मी सांगत नसे, वही ओढून स्वतःच लिहून टाकायची. शाबासकी तिला मिळणार हे ठाऊक होतं, तरी लिहायची. तेवढाच वेळ लेखणी हातात राही. मग रात्रभर तिचा राग यायचा.

त्या हिवाळ्यात गावात बोलपटाचा तंबू लागला. पहिला बोलपट देवादिकांचा होता. लोक जोडे बाहेर काढून आत गेले, पडद्यापुढे नारळ फुटले आणि आमचे सगळे हार तासाभरात संपले. आठ दिवसांनी बोलपट बदलला तेव्हा बाबांनी दुप्पट फुलं तोडायला लावली. कोणता बोलपट हे विचारायचं त्यांना सुचलंच नाही. पडद्यावर देवच येतो, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती.

या खेपेला होते एक गुरुजी आणि गरीब घरची एक मुलगी. गुरुजींना हार कोण घालणार? बाबा आणि मी दोन टोपल्या घेऊन तंबूच्या दाराशी बसून राहिलो. तेवढ्यात मुलींची शाळा रांगेने आली. पुढे मास्तरीणबाई, मागे मुली, आणि त्यांत आमची ही, तेल लावून घट्ट वेणी घातलेली. ती वेणीही मीच घातली होती. मला पाहून तिने हात हलवला. मी टोपलीतली शेवंती उगाच खालीवर करत बसले.

खेळ सुरू झाला. बाबा चिडून घरी निघून गेले. मी कनातीला पाठ लावून सगळं ऐकलं. गुरुजी घरोघर हिंडून मुलगी शाळेला मागतात, लोक त्यांना हसतात, मुलगी शहरात जाऊन शिकते. शेवटी दार वाजतं आणि ती म्हणते, आई, मी आले. आत बायका रडत होत्या. बाहेर मीही रडले, पण रागाने.

सुकत चाललेल्या टोपल्या घेऊन मी आणि बहीण घरी आलो. बाबा आधीच तापलेले होते. "बिनदेवाचा बोलपट! होतं तरी काय त्यात?"

बहिणीला आधी दुसरंच सांगायचं होतं. "बाबा, मास्तरीणबाई उद्या आपल्या घरी येऊन राहिल्या. अमरावतीले पोरींचं वसतिगृह हाये. तिथं राहून शिकाचं, मंग मास्तरीण व्हाचं. त्याचंच बोलाचं हाये."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौथीत पहिली मी आणि अमरावतीला ही!

"मी सांगते काय होतं त्यात," मी म्हटलं. "पोरगी शिकाले जाते अन् परत येतच नाही. माय मरते, तरी येत नाही."

बहीण माझ्याकडे पाहतच राहिली. "ताई, काऊन अशी बोलून राहिली? येते नं ते! शेवटी येते, बाबा!"

बाबा तिला म्हणाले, "तुले जाचं हाये, म्हणून तुले ते येतानी दिसली."

तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग माझ्याकडे बघून मिटून घेतलं. मला त्या रात्री छान झोप लागली.

सकाळी मास्तरीणबाई आल्या. बाबांनी त्यांना बाजेवर बसवलं, चहा दिला आणि त्या बोलायच्या आधीच हात जोडले. "बाई, आमच्या घरची पोरगी अमरावतीले जानार नाही."

"एकदा ही वही तरी बघा," बाई म्हणाल्या. त्यांनी बहिणीची निबंधाची वही उघडली आणि माझ्याकडे वळल्या. "हे अक्षर तुझं ना? तुझ्या बहिणीने मला सारं खरं सांगितलं. म्हणाली, माझ्याऐवजी माझ्या ताईला न्या. घरी मीच येऊन विचारीन, तोवर तुझं नाव काढू नकोस, असं मी तिला बजावलं होतं. मी तुझ्यासाठीच आले होते."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बहीण दाराशी मान खाली घालून उभी होती. मला तिच्याकडे बघवेना. सगळी लाज गिळून मी बाबांच्या पुढ्यात गेले.

"बाबा, मी काल खोटं बोलली. त्या बोलपटात पोरगी परत येते. म्या सोताच्या कानानं आयकलं."

बाबा हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "काल बहिनीचं होतं, तवा पोरगी परत येत नोती. आज तुयावर आलं, तं आली काय?"

बहीण पुढे झाली. "बाबा, खरंच येते. मी डोयानं पाहिलं."

"तू तं कालपासून तेच म्हनतेस," बाबा म्हणाले आणि मळ्याकडे निघून गेले.

बाईंनी वही मिटून बहिणीच्या हातात दिली. त्या गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली, टोपली पुढे ओढली आणि देठं खुडून एकेक फूल माझ्या हातात देऊ लागली. त्या दिवशी तिला शाळेला उशीर झाला.