हुमाचं एकुलतं अंडं

माझ्या मामेसासऱ्यांनी माझा जेवढा छळ केला, तेवढा वलगावात कुणी कुणाचा केला नसेल, आणि तोही एका पक्ष्यापायी. यजमानांचे हे मामा आमच्याकडेच राहत. सारं गाव कापसाच्या भावाने वेडं झालेलं, जो तो माळ नांगरून सरकी पेरायच्या मागे. आणि मामाजी सकाळीच खताची बैलगाडी घेऊन आमच्या गवताच्या वावरात हूम, म्हणजे माळढोक पक्षी, बघत बसत. पायी माणूस दिसला की हूम लांबूनच उडतो, गाडीला मात्र भीत नाही, म्हणून गाडी! इकडे खत उकिरड्यावरच पडून आणि यजमान माझ्यावर तापलेले. जेवायला बसले तरी हूम संपत नसे. कमरेइतका उंच हूम नाकतोडे कसे टिपतो, हे ते पाटावरून उठून, मान ताठ करून, चालून दाखवत. "सूनबाई, मादी एकच अंडं घालते, तेबी उघड्या भुईवर. एकटीच बसते. नर गळ्याची पिशवी फुगवून 'हूम' करत हिंडून राह्यते नुसता." असले नर बघायला वावरात कशाला जायला हवं, असं मनात येई, पण मी पदराआडून मुकाट वरण वाढत असे.

त्या ज्येष्ठात अंडं खरंच सापडलं, आणि यजमानांनी नेमकं तेच वावर नांगरायला काढलं.

"महिनाभर थांब बापा," मामाजी म्हणाले.

"पाखरासाठी पेरणी थांबवू? तुमी मले गावात तोंड दाखवू देसान का नाई?"

मामाजी त्या दिवशी जेवले नाहीत. तेव्हा मी कधी नव्हे ते यजमानांपुढे बोलले, अंड्याभोवती अंगणाएवढं गवत राहू द्या. त्यांनी ऐकलं. कुत्र्यांनी अंडं खाऊ नये म्हणून बाभळीच्या काट्यांचं छातीइतकं कुंपण मीच गड्याकडून घालून घेतलं.

मादी आली, मान उंच करून कुंपणाभोवती दोनदा फिरली आणि निघून गेली. मामाजींनी उघड्या हातांनी काटे उपसून फेकले, दोन दिवस वाट पाहिली. ती आली नाही.

"सूनबाई, तुनं चांगल्यासाठीच केलं," ते म्हणाले. "पण तिले चौफेर दिसलं पायजे. दिसलं नाई त ती बसत नाई."

वर्षभर माझे कान किटवले, आणि सांगायचं नेमकं हेच राहिलं!

आता त्या वावरात कापूस फुटला आहे. मामाजी न बोलता जेवतात. एक अंडं गेल्यावर ती दुसरं घालते का, एवढंच मला विचारायचं आहे. रोज ओठांपर्यंत येतं, आणि तोवर ते हात धुवायला उठतात.