आईनं मोजायचं नाही

नाशिकमधल्या आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात तिरळेपणाची ऑपरेशनं होतात. डोळा किती आत वळलाय ते काचा धरून मोजायचं, हे माझं काम. इथे किस्से शोधावे लागत नाहीत, घाबरलेली माणसं ते स्वतःच घेऊन येतात! बारा वर्षं मी त्यांना "काळजी करू नका" म्हणत आले आणि घरी जाऊन त्यांचेच किस्से रंगवून सांगत आले. मग माझ्या सात वर्षांच्या ओवीचा उजवा डोळा नाकाकडे वळायला लागला. चष्म्यानंही सरळ होईना. ऑपरेशन ठरलं आणि माझं हसू पळालं.

*

चांदवडचे एक आजोबा नातीला घेऊन आले होते. दबक्या आवाजात म्हणाले, "डोळा भायेर काढून ठेवता का वो?"

मी समजावलं, डोळा जागचा हलत नाही. आत ओढणारा स्नायू सोडवून थोडा मागे शिवतात, एवढंच.

"नाय, चाळीतला कांदा एकदा हलवला की पुन्हा तसा रचता येत नाय, म्हणून इचारलं!"

तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. ओवीच्या फॉर्मवर सही करताना मला ती कांद्याची चाळच दिसत होती.

*

मोठ्या माणसांचा टाका ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, जागेपणी, थोडा सैल-घट्ट करून जुळवता येतो. एका फूलवाल्या काकांचा टाका आमच्या सर्जन मॅडम जुळवत होत्या. समोर काकांनीच आणलेली शेवंतीची पाटी.

"किती पाट्या दिसतात?"

"दोन."

मॅडमनी टाका जरा सैल केला. "आता?"

"एक."

"छान!"

"छान काय मॅडम, एक पाटी गेली ना माझी!"

*

ओवीचा डोळा मीच मोजायला बसले. तीनदा मोजला, तीन वेगळे आकडे! मॅडमनी माझ्या हातातली काच काढून घेतली.

"आईनं मोजायचं नाही."

"मॅडम, काही मुलांना पुन्हा ऑपरेशन लागतं. आपली ओवी त्यात नसेल ना?"

"तू पालकांना काय सांगतेस?"

"काळजी करू नका."

"मग?"

"त्यानं काहीच होत नाही हो, मॅडम!"

बारा वर्षं मी लोकांना काय सांगत होते, याची मला त्या दिवशी लाज वाटली.

*

पट्टी उघडायची आमची एक रीत आहे. आईनं मुलाच्या आवडीचं खेळणं घेऊन बरोबर समोर उभं राहायचं, आणि मुलानं आधी खेळण्याकडे बघायचं. तेव्हा खोलीत कोणी बोलत नाही. डोळा मनासारखा दिसेपर्यंत मॅडम हसत नाहीत, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

प्रत्येक आईला जिथे मी उभं करते, तिथे त्या सकाळी मी उभी होते. हातात ओवीचा रबरी बेडूक. चिकटपट्टी सुटल्याचा आवाज आला.

"ओवी, बेडकाकडे बघ."

मग मॅडमचं हसू ऐकू आलं. तरी माझा धीर होईना.

"मॅडम," ओवी म्हणाली, "आता आईचे पण डोळे उघडा ना!"