मुनाफला पुन्हा कोण घेणार?

मुनाफ मूळचा रत्नागिरीच्या खाडीकाठचा. सौदीतल्या दम्मामच्या एका कंपनीत वेल्डर होता, पण ओळखला जाई फुटबॉलमधल्या डाव्या पायाच्या फटक्यासाठी. कंपन्यांच्या सामन्यांत त्याचा संघ त्याच्याच जिवावर जिंकायचा.

इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या आणि विषारी वायूची धास्ती पसरली. कंपनीने मास्क आणले, पण ते फक्त साहेबलोकांना. त्या शुक्रवारी सामन्याला मालक हजर होता. शिट्टी वाजली आणि मुनाफ मैदानाच्या मधोमध मांडी घालून बसला.

"कामगारांना मास्क मिळेपर्यंत मी खेळणार नाही."

संघातून नाव गेलं, पाठोपाठ नोकरीही. ज्याच्या नावावर व्हिसा होता त्या कफीलने एवढी मेहरबानी केली की दुसरीकडे जायला अडवलं नाही. पण घेणार कोण? "खेळतो झकास, पण नसती ब्याद," जो तो म्हणे. सगळं युद्ध त्याने चुलतभाऊ जाफरच्या खोलीत हल्ल्याचे भोंगे ऐकत काढलं.

युद्ध थांबल्यावर जाफरच्या ट्रकमधून तो हुफूफ शहरात गेला. तिथल्या एका वर्कशॉपचे मॅनेजर हरीश देवस्थळी संघही सांभाळत.

"पुन्हा असं करणार नाही म्हण, आत्ता घेतो," ते म्हणाले.

"तशी वेळ आली तर बसणार, साहेब. खोटं कशाला बोलू?"

"मग निघ."

तो निघाला. पुढच्या शुक्रवारी पुन्हा आला आणि मैदानाच्या रेषेबाहेर उभा राहिला. त्याच्या पुढच्याही. संघाचा कप्तान गफूर त्याच्याकडे पाहायचाही नाही. एकदा सरावाला एक गडी कमी पडला, तेव्हा मात्र त्यानेच हात केला. "यल्ला, ये आत."

मुनाफने त्या संध्याकाळी स्वतः गोल मारायचा सोडून गफूरला पास वर पास दिले.

"खेळात खोट नाही तुझ्या," गफूर धापा टाकत म्हणाला. "पण तुझ्यापायी आमच्या नोकऱ्या जातील, ही भीती वाटते रे."

"मलाही वाटली होती. तरी बसलो."

सराव संपल्यावर गफूर सरळ देवस्थळींकडे गेला. "साहेब, घ्या त्याला."

देवस्थळींनी मुनाफला बजावलं, "काही झालं तर मी वाचवायला येणार नाही."

"नका वाचवू. काम द्या."

मुनाफ तिथे पुष्कळ वर्षं खेळला. त्याला घ्यायला नको होतं, असं म्हणणारे शेवटपर्यंत होतेच. त्याने कधी त्यांची समजूत घातली नाही. पहिल्याच उन्हाळ्यात वेल्डिंगच्या शेडमध्ये थंड पाणी येईना, तेव्हा देवस्थळींच्या दारावर थाप मारणारा पहिला तोच होता.