घरच्या एकाला लॅटिन शिकवून आणा

दोन हजार पंचवीस साल, आणि मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. या वयात मरणाच्या बातम्या गावाकडून फोनवर येतात, त्याची मला सवय झाली आहे. ही बातमी मात्र नात घेऊन आली, तीही सकाळी दहालाच शाळेतून परत येऊन. इरा बूट न काढता दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, हेर टीलमान गेले." हेर म्हणजे इथलं 'श्रीयुत'; हे तिचे लॅटिनचे मास्तर. रविवारी झोपेतच गेले, निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं. मी तिला पाणी दिलं, मग स्वतःही प्यायलो... जर्मनीत बाड हॉम्बुर्गला मुलाकडे राहायला येऊन मला सहा वर्षं झाली. एवढ्या काळात घराबाहेर माझा म्हणावा असा एकच माणूस झाला होता.

मी चौथी शिकलेला. कराडला चाळीस वर्षं ट्रकच्या कमानपाट्यांचं, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांचं, काम केलं, आणि माझ्यासारखा पाटा बसवणारा त्या रस्त्यावर दुसरा नव्हता, हे आजही कुणालाही सांगतो. असल्या माणसाचा लॅटिनशी संबंध आणला तो टीलमान मास्तरांनी. त्यांची एक पद्धत होती. वर्षातून एकदा ते पोरांना सांगायचे, घरच्या एकाला, ज्याला लॅटिनचं ओ की ठो कळत नाही अशाला, महिनाभर शिकवा आणि वर्गात घेऊन या. परीक्षा त्याची, मार्क तुमचे. शिकवण्याची गोडी एकदा लागली की ती सुटत नाही, असं त्यांचं म्हणणं. लॅटिन शिकवणारे कमी होत चाललेत, माझ्यामागे या वर्गात कोण उभं राहणार, हा एकच घोर त्या माणसाला होता. चार वर्षांपूर्वी इराच्या वर्गाची पाळी आली तेव्हा तिनं मला धरलं, कारण दिवसभर घरी रिकामा मीच.

महिनाभर तिनं मला हुकूम शिकवले. ऊठ, बस, दार लाव. मी भाजी निवडत बसलेला असलो की समोर येऊन म्हणायची, "आपेरी फेनेस्त्राम," आणि मी जाऊन खिडकी उघडायची. ऐन थंडीत. सून आतून ओरडायची, "अहो आप्पा, हाइत्सुंग चालू आहे, लावा ती खिडकी!" हाइत्सुंग म्हणजे घर तापवायचा हीटर. परीक्षेला मी कडक इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून गेलो. मास्तर माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. खुर्चीत बसल्या बसल्या मला म्हणाले, "सुर्गे." म्हणजे ऊठ. मी उठलो नाही. वर्गभर पोरांसमोर मला ऊठ म्हणणारा हा कोण? त्यांनी पुन्हा म्हटलं, मी हाताची घडी घातली. इरा रडवेली झाली. "आजोबा, प्लीज, येतं ना तुम्हाला!" मास्तर हसले आणि तिला जर्मनमध्ये काही बोलले. ते तिनं नंतर सांगितलं... "यांना नीट कळलंय. न कळलेला माणूस इतका रागावत नाही." मग ते माझ्या शेजारच्या बाकावर येऊन बसले आणि खूण केली, आता तुम्ही सांगा. मी म्हणालो, "सुर्गे." उठले. "सेदे." बसले. पाच वेळा उठवलं, खिडकी उघडायला लावली. पोरं बाकं बडवत होती. इराला एक मार्क मिळाला म्हणून मी घरी दोन तास फुगून बसलो, तेव्हा सुनेनं समजावलं की इथे एक म्हणजे सगळ्यात वरचा.

तेव्हापासून दर शनिवारी बाजारात मास्तर भेटायचे. त्यांना मराठी नाही, मला जर्मन नाही. लांबूनच हाक मारायचे, "वेनी!" म्हणजे ये. मग कॉफीचा कप पुढे करून, "बीबे!" म्हणजे पी. दुसऱ्या कुणाचे हुकूम मी जन्मात ऐकले नसतील, त्यांचे ऐकायचो.

यंदा त्यांनी इराला विचारलं, लॅटिनची शिक्षिका होशील का? ही लगेच तयार. माझ्या मुलाला, संजयला, तिला इंजिनिअरिंगसाठी हॅनोव्हरला पाठवायचं होतं. जेवताना मी सांगून टाकलं, "मेलेल्या भाषेची मास्तरकी करून काय करणार? मशीन शीक." आमच्या घरात माझ्या शब्दावर कुणी बोलत नाही. इरानं विषय सोडला, तिनं मास्तरांनाही सांगितलं असणार. पुढच्या शनिवारी त्यांनी मला नेहमीसारखीच कॉफी पाजली... त्यांच्याकडे रागवायला शब्द नव्हते की रागच नव्हता, कुणास ठाऊक. पंधरा दिवसांनी ते गेले.

अंत्यविधीनंतर इथे सगळे बसून कॉफी-केक घेतात. आमच्या टेबलावर हॅनोव्हरहून आलेली पन्नाशीची एक बाई होती. मास्तरांचीच विद्यार्थिनी, आता स्वतः लॅटिन शिकवते. इरा मला सगळं मराठीत सांगत होती. त्या बाईनं म्हणे आपल्या आजीला शिकवून आणलं होतं, आजीला पंधरा हुकूम यायचे. मी म्हटलं, "सांग तिला, मला एकवीस येतात." बाई खूप हसली. मग म्हणाली, शिक्षक व्हायचं माझ्या डोक्यातही नव्हतं. त्यांनी विचारलं म्हणून झाले.

घरी परत येईस्तोवर माझ्या डोक्यात तेच. माझ्या दुकानात सदा होता. बारा वर्षं माझ्या हाताखाली काम केलं, हात सोन्यासारखा. तुला जमतंय, तू हे पुढे चालव, असं मी त्याला कधी म्हटलं नाही. बघून शिकतोय ना, मग बोलायचं कशाला? तो रिक्षा चालवायला लागला आणि मी थकलो तसं दुकानाला कुलूप लागलं. दोष मी त्यालाच देत आलो.

रात्री जेवताना म्हणालो, "संजय, मी त्या दिवशी बोललो ते चुकलं. इरा शिक्षिका होईल."

"आप्पा, तुम्हीच तर म्हणाला होतात..."

"म्हणालो होतो. आता हे म्हणतोय."

संजयनं हातातला घास खाली ठेवला. माझ्या तोंडून 'चुकलं' त्यानं पहिल्यांदाच ऐकलं असेल. मग इराकडे वळून म्हणाला, "तुझंही हेच म्हणणं का?" ती म्हणाली, "जा, बाबा. गेनाऊ." म्हणजे जर्मनमध्ये, हो, अगदी तेच. एवढंसं बोलली, पण दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. त्या घटनेला आता सहा आठवडे झाले. ती फ्रँकफर्टलाच शिकणार आहे, घरातून जाऊन-येऊन.

त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा व्हायच्या आधी मी कराडला सदाला फोन लावला. पंधरा वर्षांनी. तो रिक्षा बाजूला घेऊन बोलत होता, मागे हॉर्न वाजत होते. मी म्हटलं, "सदा, तुझा हात माझ्यापेक्षा चांगला होता. तेव्हाच सांगायला हवं होतं."

त्यानं रिक्षाचं इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "आप्पा, तब्येत बरी आहे ना?"

बरी आहे म्हणालो. आणि पुन्हा एकदा सांगितलं.